रानझाडांचे बी रुजवताना

बांधासाठी बाभूळ, बहावा, साग, कडुनिंब यांचे बी गोळा करून पेरले, पाऊसही झाला, पण उगवले नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. एक पावसाळा फुकट जातो. बहुधा दोष बियाचा नसतो. ज्या जातीला जे हवे ते मिळालेले नसते.

बाभळीच्या बियाचे कवच टणक. त्यातून पाणी आत शिरत नाही. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या की पोटातल्या रसाने ते कवच मऊ पडते. म्हणून शेळ्यांच्या वाड्यात पडलेले बी वेचून पेरावे. ते न मिळाल्यास पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, मग त्यात बी टाकून दिवसभर भिजू द्यावे. चुलीवर बी शिजवू नये. बहाव्याचे कवच फारच चिवट. देठाकडची बाजू सोडून ते खडबडीत दगडावर थोडे घासावे व रात्रभर भिजवावे. सागाचे बी रात्री भिजवावे, दिवसा उन्हात वाळवावे. असे आठवडाभर तरी करावे.

भिजून फुगलेले बी लगेच पेरावे. न फुगलेले निवडून पुन्हा भिजवावे.

कडुनिंबाचे मात्र उलटे. त्याला गरम पाणी लावूच नये. पिकल्या निंबोळीचा गर धुऊन काढावा, बी सावलीत सुकवावे आणि १५ दिवसांच्या आत पेरावे. पुढच्या वर्षासाठी डब्यात जपलेली निंबोळी सहसा उगवत नाही.