समुपदेशनाकडे वळताना



‘मराठीची पदवी घेतल्यावर समुपदेशक होता येईल का?’ हा प्रश्न संपर्कसत्रांत हल्ली वारंवार ऐकू येतो. विचारणारे बहुधा चाळिशी ओलांडलेले असतात. संसार, नोकरी, घरातली आजारपणे यांतून गेलेले. माझे उत्तर ‘होता येईल’ असेच आहे. मात्र सोयीची वाट आता उरलेली नाही, हे आधी जाणून घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली आहे. आरोग्यसेवेशी संबद्ध व्यवसायांसाठी २०२१ साली झालेला कायदा त्यामागे आहे. नोकरी सोडू न शकणाऱ्यांवर हा निर्णय जाचक आहे, यात शंका नाही. तरीही त्यामागील भूमिका मला पटते. दुसऱ्याच्या दुःखासमोर गप्प बसणे पुस्तकातून शिकता येत नाही. आपण कोठे चुकतो ते दाखविणारे जाणते माणूस शेजारी लागते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा मार्ग दीर्घ आहे आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. मानसशास्त्रातील नियमित एम.ए.साठी प्रवेशाच्या अटी विद्यापीठागणिक निराळ्या असतात. आपल्यासारख्यांना मी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., सुचवितो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, अन्य शाखांच्या पदवीधरांनाही तो खुला असतो आणि क्षेत्रकार्य त्यात अनिवार्य असते. चार रविवारांची प्रमाणपत्रे ओळखीपुरती ठीक. त्यांच्या बळावर दारावर पाटी लावू नये.

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे, हे मला नेहमीच खटकते. या कामात उपदेशच तर टाळायचा असतो! वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना हीच गोष्ट सर्वांत जड जाते. अनुभव जिभेवर तयार असतो. उलटपक्षी, भाषेचा अभ्यास येथे उपयोगी पडतो. समोरचा माणूस ‘नैराश्य’ म्हणत नाही; ‘कशातच जीव रमत नाही’, ‘उगाच धडधडतं’ असे म्हणतो. त्या शब्दांना पाठ्यपुस्तकी नाव देण्याची घाई न करता ते ऐकणे, ही आपली जमेची बाजू आहे.

शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला एवढे अवश्य विचारा: प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम करावे लागेल, आणि त्यावर देखरेख कोण करील? उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था पाहावी.