अजामीनपात्र म्हणजे काय गं, बाय?

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. मिसाहून घरी आले तर शेजारची काकी आमच्या सोप्यावर बसून होती. हातात मोबाईल, मोबाईलवर एका कागदाचा फोटो. "बाय, तुका इंग्लिश येता मगे? वाच गे हें." तिच्या मुलाला आदल्या रात्री पोलिसांनी नेलं होतं. पार्किंगवरून भांडण झालं होतं आणि समोरच्याचं डोकं फुटलं होतं.

मी वाचलं. एकही शब्द अडला नाही, आणि तरी काही कळलं नाही. काकीला मी 'नॉन-बेलेबल'चं सरळ भाषांतर करून सांगितलं : अजामीनपात्र गुन्हा आहे. ती म्हणाली, "म्हणजे जामीन मेळचो ना." मी गप्प बसले. जामीन मिळणारच नसेल तर वकील कशाला, असं म्हणून त्या घरानं पुढचे दोन दिवस वकील शोधलाच नाही.

ते दोन दिवस माझ्या भाषांतरामुळे गेले, असं मला अजून वाटतं. म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्याचे हे चार शब्द लोकांना समजावून देणं हे फक्त वकिलांचं काम नाही. भाषा शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचंही आहे.

'अजामीनपात्र' हा शब्दच फसवा आहे. वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस जामिनाला पात्र नाही. कायद्याचा अर्थ वेगळा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, तो पोलीस ठाण्यातही मिळतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. म्हणजे मिळू शकतो, पण मागावा लागतो. मागणार कोण? वकील. काकीच्या घरी नेमकं याच्या उलटं झालं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, मूळ हक्क तेच राहिले. अटक का केली ते सांगायला हवं. घरच्यांना कळवायला हवं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं. आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यायला हवं, हे तर संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदातच आहे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि तीही त्या माणसाला समजेल अशा भाषेत. म्हणजे कोंकणी-मराठीत जगणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत कागद मागता येतो. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? मला नव्हतं.

आता वकील. तिसऱ्या दिवशी काकीच्या भाच्यानं गूगलवर 'बेस्ट क्रिमिनल लॉयर नियर मी' टाकून बघितलं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून अशील मिळवता येत नाही. त्यामुळे नेटवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा तोच चांगला, असं धरून चालू नये. पेडण्याला कोर्ट आहे, डिचोलीला आहे. तिथे रोज उभा राहणारा वकील बऱ्याचदा पणजीच्या मोठ्या नावापेक्षा कामाचा ठरतो, कारण रिमांडच्या वेळी तो तिथेच असतो. मात्र तालुक्यातले बरेच वकील जमिनीची, मुंडकाराची, इन्व्हेंतारीची कामं करतात. म्हणून पहिला प्रश्न : तुम्ही फौजदारी केसेस घेता का? दुसरा : फी किती, आणि ती कशाकशाची? फक्त जामीन अर्जाची की पुढच्या तारखांचीही? पैसे दिले की पावती मागावी. वकीलपत्रावर सही करायच्या आधी ते वाचावं.

पैसे नसतील तरी वाट बंद होत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. बायकांनाही तसाच मिळतो. हेल्पलाईनचा नंबर १५१०० आहे. मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला तर सेशन्स कोर्ट आहे, त्यानंतर पर्वरीचं हायकोर्ट. अमली पदार्थांच्या केसमध्ये जामिनाच्या अटी खूप कडक होऊ शकतात, तिथे तर पहिल्या दिवसापासून वकील हवाच.

काकीच्या मुलाला जामीन मंजूर झाला, पण तो त्याच दिवशी सुटला नाही. जामीनदार हवा होता. त्याचा मामा बांद्याचा, यायला तयार होता. कोर्टाबाहेर कुणीतरी सांगितलं की महाराष्ट्रातला चालत नाही, आणि घरच्यांनी ते खरं मानलं. पुढे मी वाचलं की १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याची अशीच गोष्ट सुप्रीम कोर्टात गेली होती. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटनं त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या बाँडवर सोडायला सांगितलं. पेडणे आणि डिचोलीच्या माणसांनी हा निकाल लक्षात ठेवावा. आमची सोयरीक सावंतवाडी, बांदा, दोडामार्गला. राज्याची हद्द ओलांडली म्हणून मामा परका होत नाही.

आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. शेवटी पप्पा जामीन राहिले. मम्मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. "तो पळालो तर?" तिची भीती खोटी नव्हती : आरोपी हजर राहिला नाही तर बाँडची रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. पप्पा म्हणाले, त्याला मी लहानपणापासून बघतोय. 'जामीन' म्हणजे नुसता कोर्टाचा हुकूम नाही, दुसऱ्यासाठी उभा राहणारा माणूसही, हे मला त्या दिवशी कळलं. मराठीत आपण 'जामीन राहणं' म्हणतो ते उगाच नाही.

वाड्यावर काही जण म्हणाले, पैसे चारले आणि सुटला. हाही शब्द न समजल्याचाच परिणाम. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. ज्याचं डोकं फुटलं त्यालाही न्याय हवाच, आणि केस चालूच आहे. मुलगा प्रत्येक तारखेला जातो. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा होईल. पण सिद्ध होण्याआधीच, घरच्यांना शब्द कळला नाही म्हणून कोठडीत राहणं, ही कुठल्या कायद्यातली शिक्षा आहे?

कैद्याला भेटणं हे आमच्याकडे दयेच्या कामांत मोजतात. लहानपणी कातेकिझमला हे पाठ केलं होतं. कैद्याचा कागद नीट वाचून दाखवणं त्यातच येतं, असं मला आता वाटतं.

म्हणून मंडळाला एक सुचवते. दर वर्षी आपण काव्यवाचन करतो, हस्तलिखित काढतो. यंदा त्याबरोबर एक पान काढू या. मराठीत आणि कोंकणीत, एखाद्या वकिलाकडून तपासून घेतलेलं. त्यावर जामीनपात्र, अजामीनपात्र, जामीनदार, वकीलपत्र आणि रिमांड, या पाच शब्दांचे अर्थ आणि १५१०० हा नंबर. ते पंचायतीच्या बोर्डावर, देवळाच्या सभागृहात, कपेलाच्या दाराशी लावू या. पुढच्या बैठकीत मी पहिला मसुदा घेऊन येते. चुका काढायला तुम्ही या.