फोन दुरुस्त करणारा गल्लीतच आहे, पण सुटा भाग मिळेल का?

मे २०२५ मध्ये एका समितीने केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला अहवाल दिला. विषय होता 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'. सोप्या भाषेत सांगायचं तर, फोन किंवा टॅब्लेट दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे १ ते ५ गुण. फ्रिजवर विजेचे स्टार असतात ना, तसंच काहीसं.

वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावाला याचा काय फायदा? गावात फोन बिघडला की लोक आधी गल्लीतल्या जाणकार पोराकडे जातात. चार्जिंग पिनमधला कचरा काढणं, बॅटरी बदलणं, डिस्प्ले बसवणं, एवढं त्याला येतं. शेजारधर्म म्हणून मजुरी चहावर भागते. मीही सुट्टीत गावी आलो की दोन-चार फोन समोर येतातच. हात आहेत, पण काम तीन ठिकाणी अडतं.

१. सुटा भाग. मॉडेल जुनं झालं की ओरिजिनल बॅटरी मिळत नाही. मग भरवसा नसलेली स्वस्त बॅटरी टाकावी लागते.

२. सॉफ्टवेअरचं कुलूप. काही फोन नवीन भागाचा नंबर तपासतात. भाग चांगला असला तरी इशारा दाखवतात किंवा एखादं फीचर बंद करतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून अशा अडवणुकीला बंदी घातली.

३. अपडेट. फोन धडधाकट असतो, पण अपडेट थांबले की काही काळाने बँकेची ॲप्स चालेनाशी होतात.

शेतकऱ्याला यातला उशीर महागात पडतो. ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून, ठरलेल्या मुदतीत पिकाचा फोटो ॲपवर टाकायचा असतो. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो भागासाठी पंधरा दिवस पडून राहिला, तर मुदतही निघून जाऊ शकते.

समितीने गुणांसाठी सहा गोष्टी धरल्यात: फोन उघडायला किती खटपट, दुरुस्तीची माहिती, सुटे भाग वेळेत मिळणं, सॉफ्टवेअर अपडेट, लागणारी हत्यारं आणि स्क्रू-जोडण्यांचा प्रकार. म्हणजे वरच्या अडचणी बऱ्यापैकी यात येतात.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. शिफारशीनुसार हे गुण कंपनीनेच स्वतः जाहीर करायचे आहेत. आणि कमी गुण मिळाले म्हणून भाग पुरवायची सक्ती होत नाही. युरोपियन युनियनने २० जून २०२५ पासून सक्तीच केली: विक्री थांबल्यावरही ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यायचे, तेही ५ ते १० कामाच्या दिवसांत. गल्लीतल्या पोराला खरी मदत अशा नियमाने होईल. नुसत्या गुणांनी खरेदी करताना निवड सोपी होईल, एवढंच.

तोवर काय कराल?

- फोन घेताना विचारा: अपडेट किती वर्षं? बॅटरी-डिस्प्ले जवळ कुठे आणि कितीला मिळतो?
- सरकारच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती आहे, ती आधी बघा.
- दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा.
- बॅटरी फुगली असेल तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, टोचू नका. हे काम घरी करायचं नाही.

आणि चहावर काम करणाऱ्या त्या पोराला निदान भागाचे पैसे तरी आधी द्या. ते त्याने खिशातून का घालावेत?