पाणीपट्टी कालव्यावरच खर्च व्हावी

धरण सरकार बांधते. त्याचा खर्च फेडायचा कोणी? महाराष्ट्रात भांडवली खर्चाचा बोजा पाणीपट्टीवर टाकलेला नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५च्या कायद्याला पट्टीतून व्यवस्थापन आणि देखभाल-दुरुस्तीचा खर्च पूर्ण निघणे अपेक्षित आहे. अनेक प्रकल्पांवर तेवढेही साधत नाही. दोष एकट्या थकबाकीदारांचा नव्हे. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आवर्तन वेळेवर मिळत नसेल, चारी फुटलेलीच राहत असेल, तर तो पट्टी कशासाठी भरेल? पैसा नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून वसुली नाही.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्थांनी हे चक्र तोडले. संस्था पाणी मोजून घेते, सभासदांत वाटते आणि पट्टीही स्वतःच गोळा करते. बांधाशेजारच्या माणसाने मागितलेली पट्टी सहसा बुडत नाही. २००५च्याच दुसऱ्या कायद्याने ही वाट राज्यभर खुली केली. पण मोजमापाची सोय नसलेल्या, मोडक्या चाऱ्या संस्थांच्या गळ्यात मारून ती चालता येणार नाही. सरकारने आधी चाऱ्या दुरुस्त करून द्याव्यात आणि जमा पट्टीतला ठरलेला वाटा त्याच कालव्यावर खर्च करावा.