खुन्याला वकील कशाला?

फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या वकिलासाठी धर्मादाय निधीतून पैसे द्यावेत, असे सुचविताच आमच्या श्रद्धावंतांच्या कपाळावर आठ्या उमटतात. "अनाथांना द्या, रुग्णांना द्या; खुन्याला कशाला? ज्यांचे माणूस गेले त्यांचे अश्रू कोण पुसणार?" हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडले आहे: ज्याला फाशी सुनावली, तो खुनी आहेच.

आपल्याच महाराष्ट्रात २००३ साली एका कुटुंबावर दरोडा पडला, माणसे मारली गेली. भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरविली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपास झालाच नाही. मग त्या कुटुंबाचे अश्रू कोणी पुसले? निरपराध्याच्या बाजूने भक्कम वकील उभा नसला, की खरा अपराधी सुटतो आणि पीडितांचीही फसवणूक होते.

दुसरे उदाहरण पुण्यातील १९९४ च्या हत्याकांडाचे. त्यात फाशी झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. पुरावा कोणता? राजस्थानातील शाळेची नोंद! ती वेळीच शोधून आणायला त्याच्यापाशी ना पैसा होता, ना माणूस. अखेर त्याच्या पाठीशी उभा राहिला तो दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील 'प्रोजेक्ट ३९ ए' हा उपक्रम. याच विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार, फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते.

"सरकार वकील देतेच ना?" होय, राज्यघटनेचे ३९-अ हे कलम मोफत कायदेसाहाय्याचे वचन देते. पण वकीलपत्र दाखल करणे म्हणजे बचाव नव्हे. १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी केवळ 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणीच द्यावयाची आहे. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचे आयुष्यही तोलावयाचे आहे. ते आयुष्य न्यायालयापुढे मांडायचे, तर कोणीतरी त्याच्या गावी जायला हवे, आईला भेटायला हवे, शाळेचे व दवाखान्याचे कागद मिळवायला हवेत. यासाठी लागणारा पैसा म्हणजे अपराधाला पाठबळ नव्हे. न्यायाला दिलेले दान आहे.

२०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीत सुधारणा करून मृत्युदंड अस्वीकार्य असल्याचे स्पष्ट केले. आम्ही मात्र अजून नाताळात तुरुंगात केक वाटून परततो! बंदिवानाची भेट घेण्याची प्रभूची आज्ञा एवढ्याने पुरी होते काय? ज्याला खोट्या साक्षीवर वधस्तंभ मिळाला आणि ज्याच्या बाजूने त्या दिवशी एकही साक्षीदार उभा राहिला नाही, त्याचे आम्ही अनुयायी आहोत.

फाशीच्या आदल्या रात्री धर्मगुरू पाठवू नका असे आम्ही म्हणत नाही. पण खटल्याच्या पहिल्या दिवशी वकील पाठवा. तोही दयेचाच दूत आहे.