गाऱ्हाण्यातला ‘ऱ’

आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातले, तेरेखोल नदीकाठचे गाव, पलीकडे गोवा. येथील एका निवृत्त गुरुजींनी वीसेक वर्षांपूर्वी परिसरातली गाऱ्हाणी ऐकून संगणकावर उतरवली होती. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे घातलेले साकडे. एकाने म्हणायचे आणि जमलेल्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ द्यायची. हे वाङ्मय छापलेले क्वचितच असते. म्हणणाऱ्याबरोबर ते जाते. अलीकडे गुरुजींची फाइल मी माझ्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पसारा होता. फाइल बिघडली नव्हती. मधल्या काळात तंत्रज्ञान तेवढे प्रगत झाले होते.

नवी आवृत्ती म्हणजे सुधारलेली आवृत्ती, अशी आपली समजूत असते. साहित्याच्या अभ्यासकाने तरी ती निमूटपणे स्वीकारू नये. प्रत्येक नव्या प्रतीत काही मिळते, तसे काही गळतेही, हे पाठचिकित्सा शिकवताना आपणच सांगतो.

देवनागरीचा यंत्रांशी झालेला व्यवहार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. छापखान्यात जोडाक्षरांमुळे शेकडो खिळे लागत. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्याच. म्हणून लिपीनेच अंग चोरावे, असा विचार पुढे आला. ‘इ’ऐवजी ‘अि’ लिहावा, ही सावरकरांची सूचना त्यातलीच. अडचणी होत्या, पण एकदा उमटलेले अक्षर कागदावर राहत असे. १८६९ साली स्थापन झालेल्या निर्णयसागर छापखान्याचे जुने पुस्तक वाचायला आजही डोळ्यांखेरीज काही लागत नाही.

संगणकाने ही हमी काढून घेतली. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोची ‘इस्की’ ही प्रमाण संकेतावली आली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तरीही पुढे बराच काळ मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत लिहिला गेला. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांना देवनागरी आकारांचे कपडे चढवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की कपडे गेले. गुरुजींच्या गाऱ्हाण्यांचे झाले ते हेच.

युनिकोडची वाढ निराळ्या तत्त्वावर झाली आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्याने एक नियम पाळला: नवे चिन्ह घालता येईल, एकदा दिलेले काढता वा हलवता येणार नाही. मराठीतला ‘ॲ’ २००८ साली स्वतंत्र चिन्ह म्हणून आला, पण त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला मजकूर बाद ठरला नाही. ‘गाऱ्हाणे’ या शब्दातला अर्धा ‘र’ तर दोन प्रकारे लिहिता येतो, आणि दोन्ही प्रकार मान्य आहेत.

या औदार्याची किंमत आहेच. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन ‘गाऱ्हाणे’ संगणकाला वेगळे वाटू शकतात. एकाचा शोध घेतला तर दुसरे निसटते. जुने ओझे टाकून दिल्याशिवाय उत्पादन वाढत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे. पण दोन रूपे एकच मानायला शोधयंत्राला शिकवता येते. हरवलेला पाठ मात्र कुठूनच परत आणता येत नाही. म्हणून एखादे उत्पादन किती वाढले हे त्यात नवे काय आले यावरून न ठरवता, कालचे किती सोबत आणले यावरून ठरवावे, असे माझे मत आहे.

गुरुजींची फाइल रूपांतर करणाऱ्या एका प्रणालीतून काढली. बरेचसे परत आले. मोडली ती नेमकी अर्ध्या ‘र’ची अक्षरे. ‘गाऱ्हाणे’ हा शब्दच धड राहिला नव्हता. मग गुरुजी म्हणत गेले आणि मी दुरुस्त करत गेलो. दोन दुपारी त्यात गेल्या. हे जमले, कारण म्हणणारा माणूस समोर होता.

महाविद्यालयांच्या मराठी विभागांत, कपाटांत पडलेल्या सीडींवर लोकगीतांची, कहाण्यांची, बोलींच्या शब्दांची अशी संकलने असतील. विद्यार्थ्यांना नवे संकलन सांगण्याआधी शिक्षकांनी ती एकदा उघडून पाहायला लावावीत, आणि जे वाचता येत नाही ते घेऊन त्या त्या गावी पाठवावे. फाइल कदाचित आणखी दहा वर्षे थांबेल. सांगणारे थांबतीलच असे नाही.