मुलाचा पासपोर्ट कोणाच्या कपाटात?

आईबाप विभक्त झाले आणि त्यांपैकी एक परदेशी राहिला, की त्यांच्या अपत्याविषयी आपल्या सुशिक्षित समाजात एक ठराविक उद्गार निघतो: ‘बिचाऱ्याची काय ही फरफट! त्यास एका जागी राहू द्यावे.’ हा उद्गार दयेचा भासतो. आमच्या मते तो विचाराचा आळस आहे. सुटी लागताच रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मुंबई आणि तेथून विमानाने दुबई किंवा मस्कत गाठणारे मूल केवळ प्रवासाने दुःखी होत नाही. दोन्ही घरे आपलीच आहेत, हे त्यास कळण्याचा तोच तर मार्ग आहे. त्यास आतून पोखरते ती परतीची अनिश्चिती. आणि ती अनिश्चिती आम्ही वडीलधाऱ्यांनी निर्माण केलेली आहे.

रत्नागिरीस परदेश नवा नाही, आणि दोन देशांत वाटल्या गेलेल्या मुलाची कथाही नवी नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून 1916 साली मृत्यू येईपर्यंत येथे स्थानबद्ध होता. त्याच्या थोरल्या राजकन्येस राजवाड्यावरील गोपाळ सावंत ह्या विवाहित नोकरापासून टूटू ही मुलगी झाली. 1919 साली राजकुटुंब ब्रह्मदेशी परतले. टूटूची आई मात्र पुन्हा रत्नागिरीसच आली. मुलगी येथे वाढली, मराठी बोलली आणि राजाची नात असून गरिबीत दिवस कंठून गेली. मोठ्यांच्या मानापमानाचे आणि राजकारणाचे ओझे लहानाच्या आयुष्यावर कसे पडते, ह्याचे इतके ठळक उदाहरण आमच्याच गावी असता आम्ही त्यापासून काय शिकलो?

आज त्या ओझ्याचे रूप एका छोट्या पुस्तिकेचे आहे. अज्ञान मुलाच्या पासपोर्टासाठी सामान्यतः दोघा पालकांची संमती घेतली जाते. 2016 च्या अखेरीस नियम शिथिल होऊन अर्जात एकाच पालकाचे नाव पुरे झाले. टाकलेल्या मातेस ह्यामुळे आधार मिळाला, हे उत्तमच झाले. पण पासपोर्ट निघाल्यावर तो राहावा कोठे? व्यवहारात ज्याच्या कपाटात पासपोर्ट, त्याचे मूल! एकजण तो दडवून भेट बुडवितो. दुसरा भेटीच्या निमित्ताने मूल नेतो आणि परत धाडीतच नाही. पहिल्यास दुसऱ्याचे भय, दुसऱ्यास पहिल्याचा राग. आणि सुटी निघून जाते ती मुलाची.

कायदा काय करतो? 1890 च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे न्यायालयाने नेमलेल्या पालकास परवानगीवाचून पाल्यास न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. पण जन्मदाते आईबाप काही न्यायालयाने नेमलेले नसतात. परदेशी नेलेल्या वा अडवून ठेवलेल्या मुलास त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशी परत धाडण्याविषयी 1980 साली हेग येथे करार झाला. त्यात सामील व्हावे अशी शिफारस आपल्या विधी आयोगाने 2009 साली केली, 2016 साली विधेयकाचा मसुदाही झाला. तरी भारत आजवर त्या कराराबाहेरच आहे.

ह्यावरील आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. छळास कंटाळून मूल कडेवर घेऊन माहेरी आलेल्या स्त्रीस हा करार पुन्हा त्याच दारात लोटील, अशी भीती आहे. परंतु मुलास गंभीर धोका असल्यास परत धाडण्याचे नाकारण्याची सोय त्याच करारात आहे. आणि अशाच शंका दीर्घकाळ बाळगणारा जपानही 2014 साली त्यात सामील झाला. शिवाय ज्यांच्याशी आमच्या किनाऱ्याचा संबंध दाट, ती आखाती राज्ये बहुशः ह्या कराराबाहेर आहेत. तेव्हा केवळ सहीने रत्नागिरीच्या मुलाचे भागणार नाही. देशातच स्पष्ट कायदा हवा.

त्याचे स्वरूप अवघड नाही. तिकीट काढण्यापूर्वी जाण्याची व परतण्याची तारीख, तिकडील पत्ता, फोनवर बोलण्याचे दिवस आणि पासपोर्ट कोणाजवळ राहील हे कौटुंबिक न्यायालयात लेखी नोंदवावे. अविश्वास असेल तेथे पासपोर्ट न्यायालयानेच सांभाळावा. आणि जाणत्या मुलाचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकावे. आईबाप निरनिराळ्या देशांत असले तरी मुलास दोघांच्याही मायेचा हक्क आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली यशिता साहू खटल्यात स्वच्छ सांगितले आहे. तत्त्वाची वाण नाही. वाण आहे ते अंमलात आणणाऱ्या यंत्रणेची.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर घरच्या मंडळींनी निदान एक करावे. परदेशाहून परतलेल्या पोरास ‘तिकडे बरे की इकडे?’ हा प्रश्न घालू नये. तो प्रश्न प्रेमाचा नव्हे. साक्षीदाराच्या उलटतपासणीचा आहे. ज्या मुलाची बॅग दोन्ही घरी सारख्याच आनंदाने भरली व उघडली जाते, त्याची फरफट होत नाही. ती होते आमच्या हट्टाची, आणि तिची किंमत मात्र ते मूल भरीत असते.